केअर सेंटर बघताय? रात्री दोन वाजता मजल्यावर जागं कोण असतं, ते विचारा

केतकी_कोथरूड (धागाकर्ती)

सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वय ८४. त्याआधीपासूनच विसरायला लागले होते, आता डॉक्टरांनी रीतसर डिमेन्शिया लिहून दिलंय. ब्युरोतून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा मावश्या ठेवून पाहिल्या. रात्रीची टिकत नाही. सासूबाईंना त्यांना उठवून बसवणं झेपत नाही, आम्ही दोघंही नोकरीत. म्हणून केअर सेंटर बघायला सुरुवात केली आहे. पुण्याच्या आसपास आता भरपूर निघाली आहेत.

सगळीकडे दाखवतात ते एकच. बाग, देवघर, भजनाचा हॉल, आठवड्याचा मेनू. स्टाफ किती विचारलं की 'चोवीस तास आहे ना' एवढंच उत्तर. एका ठिकाणी 'आमचा रेशो १:५ आहे' म्हणाले. मी विचारलं, रात्रीसुद्धा? त्या मॅडम हसल्या. 'अहो, रात्री सगळे झोपलेलेच असतात.' आमचे बाबा तर नेमके रात्रीच जागे असतात!

किती माणसं हवीत याचा काही सरकारी नियम आहे का? आग, पडणं वगैरे दृष्टीने नक्की काय बघायचं? ज्यांनी कुणाला ठेवलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया लिहा. संस्थांची नावं मात्र नकोत, धागा उडेल.

रानजाई

वाचतेय. आईसाठी मीही याच शोधात आहे, नाशिकला.

घाटावरचा

ज्यांनी तळहातावर वाढवलं त्यांना पैसे फेकून परक्यांच्या हवाली करायचं आणि वर स्टाफ मोजायचा. चालू द्या.

मंदाकाकू

घाटावरचा, ८० किलोचा, ऑपरेशन झालेला माणूस रात्रीतून चार वेळा उठायला बघतो तेव्हा त्याला धरायला तुम्ही येणार का? पत्ता कळवा, केतकी नक्की फोन करेल. नसाल येणार तर धागा भरकटवू नका.

रात्रपाळी

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स आहे. आधी हॉस्पिटलमध्ये होते, नंतर काही वर्षं दोन केअर सेंटरमध्ये रात्रीच केल्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

केतकीताई, '१:५' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, पगारपत्रकावर की मजल्यावर? दोन्हींत फार अंतर आहे. एका जागी चोवीस तास, सातही दिवस एक माणूस हवा असेल तर आठवड्याचे १६८ तास भरायचे. एका माणसाचे आठवड्याला ४८ तास धरले तर साडेतीन माणसं लागतात. साप्ताहिक सुट्टी त्यात आली, पण आजारपण, दिवाळी, गावची जत्रा, बहिणीचं लग्न हे धरलं की चार, कधी साडेचार. आता ३० पेशंट आणि १:५ म्हणजे पगारावर सहा जणं. कुठल्याही क्षणी मजल्यावर दीड माणूस. रात्री तो अर्धा जातो, एकच उरतो. हा हिशोब जमत नाही म्हणूनच बारा-बारा तासांच्या ड्युट्या लावतात, आणि दुसरी आली नाही की पहिलीलाच 'डबल कर' म्हणतात. छत्तीस तास सलग केलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांच्या हातून इन्सुलिन चुकलं तर दोष कुणाचा?

दुसरा हिशोब रात्रीचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर बेडसोर, म्हणजे दाबाच्या जखमा होतात. कूस बदलणं, डायपर बघणं, पाठ कोरडी करणं, चादर ताणून घेणं, कॅथेटरची पिशवी बघणं, अगदी घाईने केलं तरी माणशी दहा मिनिटं. मजल्यावर असे १२ असतील तर १२० मिनिटं. म्हणजे एक फेरी संपते तेव्हा दुसरीची वेळ झालेली असते. जड माणसाला दोघी लागतात, तो हिशोब वेगळाच. आणि यात कुणी पडलं, कुणाला उलटी झाली, कुणी राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी) ओढून काढली, हे धरलेलंच नाही.

मग होतं काय? चार्टवर सह्या वेळच्या वेळी पडतात, माणूस त्याच कुशीवर असतो. तुम्ही बघायला जाल तेव्हा दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि कूस बदलल्याचा चार्ट मागा. संध्याकाळी सहाच्या, आठच्या रकान्यात आधीच सही दिसली तर बाकी बाग-देवघर बघायची गरज नाही.

शिक्षण पण विचारा. एएनएम (जीएनएमपेक्षा लहान नर्सिंग कोर्स), जीएनएम, सहा महिन्यांचा जीडीए (अटेंडंटचा कोर्स) केलेली, आणि कालपर्यंत धुणीभांडी करणारी मावशी, सगळ्यांना एकाच रंगाचा गणवेश घालतात आणि सगळ्या 'सिस्टर' होतात. मावश्यांना मी कमी लेखत नाही. प्रेमाने भरवणं मी त्यांच्याकडूनच शिकले. पण ठसका लागून ओठ निळे पडायला लागले तर काय करायचं हे माहीत असलेलं निदान एक माणूस रात्री इमारतीत हवं. फोनवरच्या डॉक्टरांचा त्या क्षणी उपयोग नसतो.

रानजाई

हे वाचून पोटात गोळा आला. पण धन्यवाद.

रातराणी, पडण्याबद्दल पण लिहा ना.

रात्रपाळी

रातराणी नाही हो, रात्रपाळी :)

पडतात ते बहुतेक पलंग आणि संडास यांच्यामध्ये. आणि पहाटे. म्हणजे बेल दाबली, कुणी आलं नाही, म्हणून स्वतः उठले. बाथरूममधल्या दांड्या, खरखरीत फरशी, पलंगाची उंची, रात्रीचा मंद दिवा हे सगळं हवंच, पण बेल वाजल्यावर किती वेळात माणूस येतं ते जास्त महत्त्वाचं. भेटीत सहज बेल दाबून बघा. पुष्कळ ठिकाणी बेल भिंतीवर असते, पेशंटच्या हाताला येतच नाही.

आणि एक. संध्याकाळी सातला गेलात आणि सगळेच गाढ झोपलेले दिसले तर औषधांची यादी मागा. जिथे माणूस कमी असतो तिथे झोपेची गोळी ड्युटी करते.

ठिणगी

माझं काम फायर ऑडिटचं. हॉस्पिटलं, शाळा, मंगल कार्यालयं, अधूनमधून वृद्धाश्रम.

आधी कागद. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६चा आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. त्याला फॉर्म 'ब' म्हणतात. सेंटरवाल्याकडे तो मागा. 'फायर एनओसी आहे' हे उत्तर नव्हे. एनओसी इमारत बांधताना एकदा मिळते, त्यानंतर पंप कधी चालू करून बघितला हे ती सांगत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) वृद्ध, अपंगांची घरं हॉस्पिटलांच्याच संस्थात्मक वर्गात धरली आहेत, राहत्या घरांत नाही. प्रत्यक्षात मात्र अर्धी सेंटर्स राहत्या बंगल्यात असतात आणि महापालिकेच्या कागदावर तो बंगला बंगलाच असतो.

आता रात्रपाळी यांचा मुद्दा पुढे नेतो. वेळा बघा. कोलकात्याचं हॉस्पिटल, ९ डिसेंबर २०११, पहाटे. नव्वदच्या वर गेले, धुराने. भंडारा जिल्हा रुग्णालय, ९ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर, दहा नवजात बाळं. विरार, २३ एप्रिल २०२१, पहाटे, अतिदक्षता विभाग. दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या ज्येष्ठांच्या केअर होमची आग १ जानेवारी २०२३ची, तीही पहाटे, दोन वृद्ध महिला गेल्या. नगरच्या जिल्हा रुग्णालयाची (६ नोव्हेंबर २०२१) दिवसा लागली, म्हणजे दिवसा निर्धास्त राहा असंही नाही. पण रात्री आग आधी कुणाला दिसते हाच प्रश्न असतो. झोपलेला वॉचमन आणि बंद पडलेला स्मोक डिटेक्टर, दोघंही सारखेच.

अंथरुणातल्या माणसाला जिन्यावरून खाली नेता येत नाही, लिफ्ट आगीत वापरायची नसते. म्हणून योग्य पद्धत अशी की त्याच मजल्यावर आगरोधक दरवाजापलीकडे सरकवायचं, मग पुढचं बघायचं. बंगल्यात असा दुसरा कप्पाच नसतो. तिथे उपाय एकच, न चालणारी माणसं तळमजल्यावर. वरच्या मजल्याला 'डीलक्स' म्हणून अंथरुणातला पेशंट ठेवणाऱ्याकडे बघूच नका.

कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या लिल-व्हर्त गावी २३ जानेवारी २०१४ला वृद्धाश्रमाला आग लागून ३२ जण गेले. इमारतीचे दोन भाग होते. नव्या भागात स्प्रिंकलर होते आणि मध्ये आगरोधक भिंत होती. तो भाग वाचला. जुना भाग राख झाला. यापेक्षा स्वच्छ प्रयोग कुणी मुद्दाम करून दाखवू शकला नसता.

आपल्याकडच्या खास गोष्टी: जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि त्यावर जुन्या गाद्यांचा ढीग. एका एक्स्टेन्शन बोर्डवर एअर मॅट्रेस, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि किटली. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई किंवा डासांची कॉइल. हे तिन्ही मी एकाच ठिकाणी पाहिलंय, आणि तिथल्या भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट होतं.

मंदाकाकू

ठिणगी, आणि कुलूप? आमच्या दिरांना ठेवलं होतं तिथे रात्री जिन्याच्या ग्रिलला कुलूप असायचं. विचारलं तर म्हणाले, डिमेन्शियाचे पेशंट बाहेर पडतात, हायवे जवळ आहे. तेही खोटं नव्हतं.

ठिणगी

हा खरा अवघड प्रश्न आहे. कुलूप नसेल तर माणूस हायवेवर, असेल तर आगीत अडकलेला. पैसे असतील तर चुंबकीय लॉक बसवतात, अलार्म वाजला किंवा वीज गेली की ते आपोआप सुटतं. पैसे नसतील तर ग्रिलची किल्ली रात्रपाळीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात हवी. खिळ्याला नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही, मालकांच्या घरी तर नाहीच. भेटीत तिथल्या मावशींना विचारा, 'किल्ली कुठंय?' त्यांनी इकडेतिकडे बघितलं की समजून जा.

वकीलबुवा

नियमांचं विचारलंय म्हणून थोडक्यात.

२००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा. त्यातलं कलम १९ सांगतं की राज्याने निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याला निदान एक, किमान १५० जणांचा वृद्धाश्रम उभारावा. हे सरकारने उभारायच्या वृद्धाश्रमांबद्दल. खासगी केअर सेंटरमध्ये रात्री किती परिचारिका हव्यात यावर तो कायदा गप्प आहे. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात अशा सेंटरांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं, तिथून आलं आणि २०२४मध्ये लोकसभेबरोबरच संपलं. महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, पण ते रॅम्प, लिफ्ट, दरवाजांची रुंदी यांचे. विकत घ्यायच्या घरांचे. माणसांचे नाहीत.

मग ही सेंटर्स चालतात कशावर? धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद, नाहीतर कंपनी, नाहीतर नुसता गुमास्ता. यातलं कुणीच रात्री मजला तपासायला येत नाही.

तरी दोन दरवाजे आहेत, फारसे कुणी ठोठावत नाही. एक, १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. आजारी, जखमी किंवा जर्जर माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी कुठलीही जागा त्यात येते. ट्यूबने अन्न, कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग चालत असेल तर 'आम्ही फक्त वृद्धाश्रम' हे म्हणणं माझ्या मते टिकू नये. दोन, २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात, म्हणून डिमेन्शियाची माणसं ठेवणाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा करू नये. त्याचं कलम ९७ बांधून ठेवण्याबद्दल आहे: तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण लिहून, आणि नियुक्त प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवून.

रात्रपाळी

बांधणं सगळीकडे चालतं. ओढणीने, क्रेप बँडेजने. 'ट्यूब ओढतात म्हणून.' नातेवाईक आले की सोडतात. मनगटावरचे वळ बघा.

तुंगा_मेलबर्न

इथल्या वृद्धनिवासात नोकरी करते म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियात हे सगळं आपोआप आलं नाही. आधी इतकं बाहेर आलं की २०१८मध्ये शाही आयोग नेमावा लागला, त्याचा अंतिम अहवाल मार्च २०२१चा. त्यानंतर १ जुलै २०२३पासून नोंदणीकृत परिचारिका चोवीस तास, सातही दिवस इमारतीत हवी असा कायदा झाला. आणि मिनिटं ठरली: ऑक्टोबर २०२४पासून सरासरीने दर रहिवाशामागे रोज २१५ मिनिटं काळजी, त्यातली ४४ परिचारिकेची. हे आकडे सरकारला कळवावे लागतात आणि त्यावरून निवासाला तारे मिळतात. ते कुणीही वेबसाईटवर बघू शकतं.

पण फार हुरळून जाऊ नका. ही सरासरी आहे. मिनिटं दिवसा भरून काढता येतात, रात्र तशीच कोरडी राहू शकते. लहान गावांत परिचारिका मिळतच नाहीत, तिथे सवलती द्याव्या लागल्या. आणि रात्री माझ्याबरोबर मजल्यावर असतात त्या बहुतेक केरळच्या, पंजाबच्या, नेपाळच्या. तुमच्याकडे नर्स का मिळत नाही याचं थोडं उत्तर इथे आहे.

जावईबापू

अमेरिकेतही २०२४मध्ये केंद्राने नियम केला होता, दर रहिवाशी रोज ३.४८ तास. २०२५मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने रद्द ठरवला. नर्सिंग होमवाल्यांच्या संघटनाच कोर्टात गेल्या होत्या.

सावली_चालक

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. माझं स्वतःचं २२ जणांचं घर आहे, सातारा रस्त्याला. चालक म्हणजे इथे आरोपीच, पण ऐका.

तुंगाताई, तुमच्याकडे पैशाचा मोठा भाग सरकार देतं. इथे पूर्ण खर्च कुटुंब देतं, आणि तेही पहिल्या भेटीत 'डिस्काउंट किती' विचारून. रात्रपाळींचा हिशोब बरोबर आहे. तोच हिशोब फीवर चढवा. रात्रंदिवस एक जीएनएम कायम ठेवायची तर चार जीएनएमचे पगार २२ घरांत वाटायचे. मी करून दाखवला होता तो तक्ता पालकसभेत (आम्ही नातेवाइकांच्या सभेला गमतीने पालकसभाच म्हणतो). २२पैकी तिघांनी होकार दिला. बाकीचे म्हणाले, आहे तेच चांगलं आहे.

नर्स टिकत नाहीत. बीड, नांदेड, यवतमाळहून मुली येतात, आम्ही शिकवतो, वर्षभरात मुंबईच्या हॉस्पिटलात जातात. मी त्यांना दोष देत नाही. आणि नातेवाईक काय लपवतात ते कुणी लिहिलं नाही. 'जरासं विसरतात' म्हणून दाखल करतात, दुसऱ्या रात्री कळतं की ते मारतात, आधीच्या दोन ठिकाणांहून काढलेत. दाखल करताना खरं सांगितलं तर मी त्या आठवड्यात जास्तीचा माणूस तरी लावीन.

नियम करा, जरूर करा. पण हॉस्पिटलचे नियम बंगल्याला लावलेत तर माझ्यासारखी घरं बंद पडतील आणि महिना लाखभर घेणारी तेवढी उरतील. माझी २२ माणसं मग कुठे जातील? निम्म्यांची मुलं फोन उचलत नाहीत.

रात्रपाळी

दादा, तुम्ही प्रामाणिक दिसता म्हणून विचारते. आज रात्री तुमच्याकडे मजल्यावर कोण आहे?

सावली_चालक

दोघं. एक एएनएम, एक मामा (वॉर्डबॉय). आठ जण अंथरुणात, सगळे तळमजल्यावर. मी शेजारच्याच घरात राहतो, ग्रिलची एक किल्ली माझ्याकडे. ठिणगींचं वाचून आज दुसऱ्या दोन करून घेतल्या.

रात्रपाळी

मग तुमच्याकडे मी माझ्या आईला ठेवीन. जीएनएम नसली तरी. दोघं जागे असतील आणि आठच माणसं अंथरुणात असतील तर कूस बदलली जाते. मी कागदावरच्या डिग्रीसाठी भांडत नाहीये. जे आहे ते दारावर लिहून लावा, एवढंच म्हणतेय. रोज रात्री फळ्यावर: आज ड्युटीवर कोण, शिक्षण काय, किती पेशंट. त्याला ना कायदा लागतो ना पैसे.

घाटावरचा

फळ्यावर काहीही लिहितील.

रात्रपाळी

लिहितील. पण खोटं लिहायला रोज रात्री कुणाला तरी हात लावावा लागेल, आणि मुली बोलतात.

केतकी_कोथरूड

सगळ्यांचे आभार. वकीलबुवा, कुठलाही कायदा नीट लागू होत नसेल तर निदान करारात काय लिहून घ्यावं? सगळे जण छापील करार पुढे करतात, त्यात फक्त डिपॉझिट आणि 'काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही' एवढंच असतं.

वकीलबुवा

ते 'जबाबदार राहणार नाही' वाचून घाबरू नका. पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, निष्काळजीपणा झाला तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं आणि असल्या वाक्याने तो हक्क जात नाही. त्याआधी सल्ला हवा तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे.

करारात मी पाच गोष्टी घालायला सांगतो. रात्री मजल्यावर जागे असणारे किमान किती आणि त्यांचं शिक्षण काय. पडणं, जखम, बेडसोर, बांधणं यातलं काहीही झालं तर किती तासांत कळवणार. औषधात बदल, विशेषतः झोपेच्या, कुटुंबाला कळवल्याशिवाय नाही. हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर कुठे, कोण सोबत जाणार, आणि तो माणूस गेल्यावर मागे मजल्यावर कोण राहणार (हे कुणी विचारतच नाही). आणि पाचवी, नातेवाइकाला कुठल्याही वेळी, न कळवता येण्याची मुभा.

सावली_चालक

पहिल्या चारांवर मी आज सही करतो. पाचव्यावर नाही. रात्री दीड वाजता कुणाचा तरी जावई दारात उभा राहिला तर बाकीचे २१ उठतात, बायकांच्या खोल्या आहेत, आणि एक डिमेन्शियाची आजी त्यानंतर सकाळपर्यंत झोपत नाही. एकदा झालंय.

रात्रपाळी

मग खोल्यांपर्यंत नको. दारापर्यंत येऊ द्या, ड्युटीवरच्या दोघांपैकी एकाने येऊन फळा आणि रजिस्टर दाखवायचं. दार उघडायला किती वेळ लागला त्यातच निम्मं कळतं.

सावली_चालक

दारापर्यंत चालेल. महिन्यातून एकदा, एका कुटुंबाला. तसं लिहून देतो.

केतकी_कोथरूड

जिथे बाबांसाठी जवळजवळ ठरवलंय त्यांना याच शब्दांत विचारते. सावली_चालक, तुमच्याकडे जागा आहे का ते मला खासगी निरोपात कळवाल?